जर्मनाचं इमान

आजोबांच्या डाव्या कोपराआड एक तिरकी रेघ आहे. मूळ फोटोत जेमतेम तीन मिलिमीटरची. त्या रेघेपाशी मी ओळीने दोन रविवार बसून काढले.

फोटो पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा, कडा नक्षीदार कापलेल्या, एक कोपरा दुमडून तुटलेला. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत सेवापुस्तक, दोन पदकं आणि एक जस्ताचा मग होता, त्यांच्यासोबत हा फोटो. वाळूत पोटावर बसलेलं एक मोडकं विमान डावीकडे तोंड करून पडलेलं आहे. पुढे नाकापाशी एक जवान, दुसरा पंखाच्या मुळाशी बसलेला, आणि शेपटीपाशी कमरेवर हात ठेवून आजोबा. तिघांच्याही अंगात जाड लोकरीचे कोट. उजव्या कडेला एका ट्रकचा मडगार्ड अर्धवट आलाय. मागे पेन्सिलीने, आजोबांच्याच अक्षरात लिहिलंय: ‘जर्मनाचं इमान गजाला’.

घरात याचा अर्थ ठरलेला होता. गजा नावाचा कुणी मित्र असावा, त्याला पाठवायला म्हणून हा फोटो काढला आणि तो पाठवायचा राहून गेला. आत्याच्या मते पंखावर बसलेला तोच गजा. आजोबा १९८३ साली गेले. लढाईचं ते कधी बोलले नाहीत, आणि विचारायचं असतं हे आम्हालाही तेव्हा कळत नव्हतं.

मी पुण्यात एका छापखान्याच्या कॅमेरा विभागात एकतीस वर्षं काम केलं. संगणक येण्याआधी पानं, चित्रं, जाहिराती सगळं आम्ही मोठ्या प्रोसेस कॅमेऱ्यावर फिल्मवर घ्यायचो. सेवानिवृत्त झाल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. फोटो पहिल्यांदा भिंगाखाली धरला तेव्हा विमानाच्या अंगावरचे आकडे दिसले आणि एक साधी इच्छा झाली: आजोबा नक्की कशाशेजारी उभे आहेत, हे कळलं पाहिजे. ‘एक जर्मन विमान’ एवढ्यावर मन भागेना. ते कुठल्या तुकडीचं, कोण चालवत होतं, तिथे कसं येऊन पडलं, हे हवं होतं.

सेवापुस्तकावरून एवढं पक्कं होतं की आजोबा खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात होते आणि १९४१ मध्ये लिबियाच्या वाळवंटात होते. ट्रकच्या मडगार्डवर एक काळा चौकोन दिसतो. चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या गाड्यांवर काळ्या चौकोनात लाल गरुड असायचा. गरुड फोटोत दिसत नाही, नुसता चौकोन दिसतो. ही गोष्ट मी तेव्हा बाजूला ठेवली. पुढे तीच सगळ्यात कामाला आली.

नकाशा उघडून चौथी डिव्हिजन डिसेंबर १९४१ मध्ये कुठे लढली ते बोटाने शोधत गेले. आलम हमझा, आणि त्याच्या वर समुद्राकडे आइन अल गझाला. इंग्रज आणि जर्मन दोघंही त्याला नुसतं गझाला म्हणत. मी उठून फोटो उलटा केला. ‘गजाला’. गजा नावाचा मित्र कधी नव्हताच. आजोबांनी गावाचं नाव लिहिलं होतं.

गझालाला जर्मनांचा विमानतळ होता. लढाऊ विमानांच्या मोठ्या दलाला ते याग्डगेश्वाडर म्हणत. त्यात साधारण तीन ग्रुप, आणि एका ग्रुपमध्ये तीन श्टाफेल, म्हणजे डझनभर विमानांच्या तुकड्या. गझालात एप्रिल १९४१ पासून याग्डगेश्वाडर २७ चा पहिला ग्रुप होता. त्यांच्याकडे मेसरश्मिट १०९ चा ‘ई’ प्रकार होता. सप्टेंबरच्या अखेरीला दुसरा ग्रुप आला तो नवीन ‘एफ’ घेऊन, डिसेंबरात तिसरा आला तोही ‘एफ’ घेऊनच. पहिल्या ग्रुपच्या श्टाफेलीही त्याच सुमाराला एकेक करून ‘एफ’वर गेल्या. म्हणजे फोटोतलं विमान ‘ई’ ठरलं, तर दोन ग्रुप एका फटक्यात बाद होतात.

ऐकायला सोपं वाटतं. ‘ई’च्या पंखांची टोकं चौकोनी कापल्यासारखी, ‘एफ’ची गोलाकार. फोटोत पंखाचं टोक चौकटीबाहेर गेलंय. ‘एफ’च्या पंख्याच्या मधला टोप मोठा आणि घाटदार. फोटोत तो टोपच नाही, कुणीतरी काढून नेलाय. शेपटीचं चाक ‘एफ’मध्ये आत ओढलं जातं, ‘ई’मध्ये बाहेर राहतं. इथे शेपटीचा खालचा भाग गाळात रुतलेला. इंजिनावरचा वरचा पत्रा उघडून नेलेला, खालची हनुवटी जमिनीवर घासून चपटी झालेली. जे बघायला हवं नेमकं तेच झाकलेलं.

उरली एकच खूण. ‘ई’च्या आडव्या शेपटीला खालून आधाराची एक दांडी असते, धडापासून तिरकी वर जाणारी. ‘एफ’मध्ये ती काढून टाकली. आजोबा नेमके तिथेच उभे. पण त्यांनी कमरेवर हात ठेवलाय, त्यामुळे दंड आणि बरगडी यांच्यामध्ये एक छोटी त्रिकोणी खिडकी तयार झालीय. त्या खिडकीत ती तिरकी रेघ.

ती दांडी असेल, फोटोवरचा ओरखडा असेल, किंवा आजोबांच्या खांद्यावरून मागे गेलेला रायफलीचा पट्टाही असेल. ओरखडा असता तर तो कोटावरही थोडासा चढला असता. ओरखड्याला माणसाच्या बाह्यरेषेची पर्वा नसते. ही रेघ कोटाच्या कडेला बरोबर थांबते. फोटो दिव्याखाली अगदी आडवा धरून पाहिला, त्या जागी पृष्ठभाग सपाट आहे. पट्ट्याची शंका मोठ्या स्कॅनमध्ये गेली. रेघेच्या शेजारी धडाच्या पत्र्यावर तिला समांतर अशी फिकट सावली पडलीय, आणि ती त्याच कोनात आहे ज्या कोनात आजोबांची सावली वाळूवर पडलीय. म्हणजे तिथे धडापासून सुटी, कडक, सरळ अशी वस्तू आहे. मी लोकांनी जपलेले ‘ई’चे चांगले चाळीस-पन्नास फोटो शेजारी ठेवून दांडीचा कोन मोजला. जुळला.

ते ‘ई’ होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

‘ई’ असलं तरी तेवढ्यावर पहिला ग्रुप म्हणून मोकळं होता येत नाही. जून १९४१ पासून काही महिने याग्डगेश्वाडर २६ ची सातवी श्टाफेलही ‘ई’ घेऊन गझालात होती. त्यांच्या नाकावर लाल बदाम असे. फोटोत नाकाचा वरचा पत्रा गेलाय, पण खालच्या पट्टीवर एका चित्राचा तळ शिल्लक आहे: निमुळतं होत गेलेलं फिकट टोक, आणि त्याच्या आत गडद काहीतरी. बदामही खाली निमुळताच होतो. मात्र बदामाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. हे टोक एका बाजूला सरळ उतरतं आणि दुसऱ्या बाजूला आत दबतं. शाळेत आफ्रिकेचा नकाशा काढलेल्या कुणालाही ते ओळखू येईल.

पहिल्या ग्रुपचं बोधचिन्ह म्हणजे आफ्रिकेचा नकाशा, त्यावर एका आफ्रिकी माणसाचं डोकं आणि एका हिंस्र मांजरकुळातल्या जनावराचं डोकं. हे चिन्ह ते आफ्रिकेत येण्याआधीपासून वापरत होते. १९४० मध्ये इंग्लिश खाडीवर लढतानाही ते त्यांच्या विमानांवर होतं. त्यात जुन्या जर्मन वसाहतींची ओढ आहे. माणसाचं डोकं आणि जनावराचं डोकं शेजारी शेजारी, शिकारीतल्या वस्तूंसारखं. विमानाच्या चित्रांची आवड असलेले लोक या चिन्हाला देखणं म्हणतात. मला ते बघवत नाही. त्याच नाकापाशी आमच्या मुलखातला एक सॅपर पत्र्यावर हात टेकून उभा आहे, याचं मात्र मला फार समाधान वाटतं.

आता आकडा. जर्मन लढाऊ विमानावरचा आकडा हा तुकडीतला क्रमांक, आणि त्याचा रंग म्हणजे श्टाफेल. पहिल्या ग्रुपमध्ये पहिली श्टाफेल पांढरा, दुसरी लाल, तिसरी पिवळा. काही ग्रुपमध्ये दुसरीचा रंग काळाही असे. दुसऱ्या ग्रुपच्या विमानांवर क्रुसाच्या मागे आडवी पट्टी असते, आपल्या फोटोत ती नाही. ते जुळतंच. धडावर काळ्या क्रुसाच्या पुढे ‘१’ स्पष्ट आहे, आणि त्याच्या उजवीकडे दुसरा आकडा. दुसऱ्या आकड्याच्या जागी पत्रा फाटून वर वळलाय, त्यामुळे फक्त खालचा तुकडा शिल्लक आहे. दोन्ही आकडे गडद. पांढरे नक्की नाहीत.

गडद म्हणजे लाल, असं मी पहिल्या दिवशी धरून चालले होते. मग मडगार्डवरचा तो काळा चौकोन आठवला.

प्रोसेस कॅमेऱ्याची लिथ फिल्म आम्ही लाल दिव्यात हाताळायचो. त्या फिल्मला लाल दिसत नाही, म्हणून लाल दिव्याने ती खराब होत नाही. तिच्यासमोर लाल अक्षरं धरली की ती काळी येतात. जाहिरातीत लाल शिक्का असला की आमची पंचाईत व्हायची. अशा फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. १९४१ मध्ये हौशी लोकांच्या साध्या कॅमेऱ्यातही ती सर्रास असे, कोडॅकची त्या काळातली व्हेरिक्रोम याच जातीची. सगळे रंग बघणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर काळ्यावरचा लाल गरुड करडा उठून दिसला असता. आपल्या फोटोत गरुड काळ्यात विरघळलाय. म्हणजे ही फिल्म लाल रंगाला आंधळी होती.

आणि अशी फिल्म पिवळ्यालाही नीट न्याय देत नाही. जर्मन विमानांवरचा पिवळा तर नारिंगीकडे झुकणारा. ऑर्थो फिल्मवर तो चांगलाच गडद येतो. थोडक्यात, माझा ‘लाल’ पिवळाही असू शकत होता. आत्या नेहमी म्हणायची की तात्या वाळवंटात फार रापले होते, फोटोत बघ किती काळे दिसतात. त्यातही या फिल्मचा हात आहे. तांबूस गव्हाळ रंग तिच्यावर एक-दोन पायऱ्या काळा उतरतो.

लाल की पिवळा हे ठरवायला मला त्याच फोटोत असा एक डाग हवा होता, ज्याचा मूळ रंग पिवळा आहे हे पक्कं माहीत आहे. रंगांची जुळवणी करताना आम्ही छापखान्यात हेच करायचो, पानाच्या कडेला ओळखीच्या रंगाची पट्टी ठेवायचो. जर्मनांनी ती पट्टी माझ्यासाठी रंगवूनच ठेवली होती. कॉकपिटच्या मागे, डाव्या बाजूला पेट्रोल भरायच्या झाकणाजवळ एक लहान पिवळा त्रिकोण असतो, त्यात इंधनाची प्रत लिहिलेली: ८७. फोटोत तो त्रिकोण आहे. तांदळाच्या दाण्याएवढा, पण आहे.

स्कॅनमध्ये तीन ठिकाणांची घनता मोजली. क्रुसाचा काळा, त्रिकोण, आणि आकड्याचा ‘१’. लाल असता तर ‘१’ क्रुसाइतका काळा यायला हवा होता. तो क्रुसापेक्षा स्पष्ट उजळ निघाला आणि त्रिकोणाच्या अगदी जवळ. उन्हाचा कोन, रंगाचं विटणं, वाळूचा थर, या सगळ्याने थोडा फरक पडतो, म्हणून मी ‘१’वर पाच ठिकाणी मोजलं. पाचही वेळा तेच. पिवळा.

पहिला ग्रुप, पिवळा आकडा: तिसरी श्टाफेल. आणि आकडा एकापासून सुरू होणारा, दोन अंकी.

या विषयात थोडंफार वाचलेल्या कुणाच्याही अंगावर इथे काटा येईल. तिसऱ्या श्टाफेलीतला ‘पिवळा १४’ म्हणजे जर्मनांचा नावाजलेला लढाऊ वैमानिक हान्स-योआखिम मार्सेय. १५८ विजय, म्हणजे पाडलेली विमानं, त्याच्या नावावर आहेत. ३० सप्टेंबर १९४२ ला बिघडलेल्या विमानातून उडी मारताना शेपटीवर आदळून तो गेला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याच्या पिवळ्या १४ ची विमानं एकामागून एक बदलत गेली, आणि प्रत्येकाचे फोटो लोकांनी जिवापाड जमवलेत. माझा मुलगा जर्मनीत कार्ल्सरुहेला शिकतो. त्याला स्कॅन पाठवल्यावर त्याचा पहिला प्रश्न: “आई, मार्सेयचं आहे का?” विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तर उत्तर देऊनच टाकलं. त्यांच्या मते दुसरा आकडा ‘४’च.

मलाही ते हवं होतं. ट्रंकेतल्या फोटोला एकदम इतिहासात जागा मिळाली असती. म्हणून मी त्या फाटक्या पत्र्याकडे जास्तच कडक नजरेने पाहिलं.

शिल्लक तुकडा म्हणजे एक उभा दांडा, खाली सपाट कापलेला. ‘३’ असता तर तळाला वळण असतं, ‘२’ असता तर आडवा पाय, ‘०’, ‘५’, ‘६’, ‘८’, ‘९’ सगळ्यांना गोलाई. उरतात त्यांच्या आकड्यांतले १, ४ आणि ७. जर्मन ‘४’मध्ये आडवी रेघ दांड्याला ओलांडून थोडी उजवीकडे बाहेर येते. आमच्या फोटोत दांड्याच्या उजव्या अंगाचा पत्रा त्या उंचीपर्यंत शाबूत आहे, आणि तिथे काही नाही. नुसता वाळूचा रंग. शिवाय दांड्याची जागा: पहिल्या ‘१’पासून तो इतका जवळ आहे की मध्ये ‘४’चा त्रिकोण बसायला जागाच नाही. तिसऱ्या श्टाफेलीचे चार वेगवेगळे फोटो घेऊन अंकांच्या रुंदीचं प्रमाण काढलं. ‘७’ही तिथे अडचणीने बसतो. ‘१’ बरोबर बसतो.

पिवळा ११. मार्सेय नव्हे. विजयाच्या पट्ट्या जिथे रंगवतात त्या सुकाणूच्या पडद्यावरून काही कळेल म्हणावं, तर त्याचं कापडच कुणीतरी आठवण म्हणून कापून नेलंय, आत नुसत्या बरगड्या दिसतात. मी मुलाला कळवलं. प्रतिकृतीवाले गृहस्थ नाराज झाले, आणि ते मी समजू शकते. पण फोटोत नाही ते मी त्यात घालणार नव्हते.

इथपर्यंतचं काम घरबसल्या झालं. पुढचं कागदाशिवाय शक्य नव्हतं. लुफ्टवाफचे, म्हणजे जर्मन हवाई दलाचे बहुतेक कागद १९४५ मध्ये त्यांनी स्वतःच जाळले. वाचलं त्यात एक मोठं घबाड आहे: क्वार्टरमास्टर जनरलच्या खात्याकडे रोज जाणाऱ्या नुकसानीच्या याद्या. पुरवठा खात्याला नवीन विमान पाठवायचं असतं म्हणून प्रत्येक ग्रुप कळवायचा की कुठलं विमान गेलं, कुठे, कशामुळे, किती टक्के मोडलं, चालक कोण, त्याचं काय झालं. साठ टक्के आणि वर म्हणजे विमान कायमचं बाद. युद्धातल्या शौर्याच्या बातम्यांत जो फुगवटा असतो तो इथे नसतो, कारण इथे हिशेब सामानाचा आहे. हिशेबाच्या कागदावर माझा फार विश्वास आहे.

मुलाकडे गेले तेव्हा फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात तीन दिवस काढले. आधीपासून अर्ज करून वेळ आणि कागद दोन्ही ठरवून घ्यावे लागतात. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिलच. कुणी कुणाशी बोलत नाही. मुलगा शेजारी बसून जर्मन वाचून दाखवायचा तेही कुजबुजत. यादी टंकलिखित, कित्येक पानं कार्बनची तिसरी-चौथी प्रत असल्यासारखी पुसट. दोनशेएक पानांनंतर मलाही शब्द ओळखू यायला लागले. बाऊखलांडुंग म्हणजे पोटावर उतरणं. मोटोरशाडेन म्हणजे इंजिनाचा बिघाड. लुफ्टकाम्फ म्हणजे हवेतली लढाई. बेडीनुंग्सफेलर म्हणजे चालकाची चूक, आणि हा शब्द किती वेळा येतो ते पाहून थक्क व्हायला होतं. शत्रूपेक्षा वाळू, धूळ आणि घाई यांनीच जास्त विमानं खाल्ली.

आता अडचण अशी की या याद्यांत बहुतेक वेळा धडावरचा आकडा लिहिलेला नसतो. असतो तो वेर्कनुमर, कारखान्याचा क्रमांक. ‘पिवळा ११’ असं शोधून काही मिळत नाही. श्टाफेलीत एक अकरा गेलं की दुसरं विमान येऊन अकरा होतं. गाडीच्या पाटीसारखा तो आकडा बदलतो, चासीच्या नंबरासारखा वेर्कनुमर कायम राहतो.

विमानच हातात असेल तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबर १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या तिसऱ्या स्क्वाड्रनला लिबियात गंबूतच्या धावपट्टीवर सोडून दिलेलं एक मेसरश्मिट मिळालं, त्यांचा प्रमुख बॉबी गिब्ज याने ते उडवलंही. पुढे इंग्लंडमध्ये ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. १९७२ पासून रस स्नॅडन आणि सोबतच्या स्वयंसेवकांनी ते उभं करायला घेतलं, आणि १९९१ मध्ये ते पुन्हा उडालं. वेर्कनुमर १०६३९, याग्डगेश्वाडर ७७ च्या आठव्या श्टाफेलीचा ‘काळा ६’. तिथे खरवडून बघायला रंग होते, वाचायला धातूच्या पट्ट्या होत्या. माझ्याकडे नऊ सेंटिमीटर कागद.

म्हणून चाळण्या लावल्या. ‘ई’ प्रकार, पहिला ग्रुप, तिसऱ्या श्टाफेलीचा चालक, जागा गझाला किंवा लगत, साठ टक्क्यांच्या वर, आणि आग लागलेली नको, कारण फोटोतला पत्रा कुठेही जळलेला नाही. काळ एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत. हा काळ मला आणखी आवळता आला तो गाळामुळे. पंखाची मागची कड फोटोत वाळलेल्या गाळाखाली गेलीय, आणि गाळावर पाणी ओसरल्याच्या रेघा आहेत. १७ नोव्हेंबर १९४१ च्या रात्री, ब्रिटिशांची मोठी चढाई सुरू व्हायच्या आदल्या रात्रीच, त्या किनाऱ्यावर भयंकर पाऊस कोसळला होता आणि जर्मनांचे विमानतळ चिखलात बुडाले होते. म्हणजे हे विमान त्या पावसाच्या आधीपासून तिथे पडून असावं. नंतर आलं असतं तर गाळाच्या वर बसलं असतं. याला मी पुरावा म्हणत नाही, पण चाळणी म्हणून ती चालते.

दोन नोंदी उरल्या. एक लढाईतून परतताना पोटावर उतरलेलं, एक इंजिन बिघडून तसंच उतरलेलं. दोघांच्याही चालकांना खरचटलंसुद्धा नाही.

फ्रायबुर्गच्या स्टेशनसमोर कॉफी पीत आम्ही मायलेकं पुन्हा फोटोकडे बघत बसलो. मुलगा यंत्र अभियांत्रिकीचा. त्याने पंख्याकडे बोट दाखवलं. तीन पात्यांपैकी दोन मागे दुमडलीत. तिसरं सरळ आभाळाकडे, जराही वाकलेलं नाही. पंखा फिरत असता तर तिन्ही पाती जमिनीला लागून तिन्ही वाकली असती, आणि जोरात फिरत असता तर टोकं पुढच्या बाजूला वळली असती. इथे पंखा थांबलेला होता. जमिनीवर आलं तेव्हा त्याचं इंजिन बंद पडलेलं होतं.

मी आठ महिने तो फोटो रोज बघत होते. ते सरळ पातं मला दिसत होतं, पण ते काय सांगतंय हे ऐकू आलं नव्हतं.

लढाईत गोळी लागूनही इंजिन बंद पडू शकतं, म्हणून याच्यावरही थांबले नाही. पुण्याला परतल्यावर फोटोतला शेपटीचा उभा भाग पुन्हा घेतला. वेर्कनुमर तिथे बारीक अक्षरात रंगवतात, आणि आमच्या फोटोत त्या जागी चार पुसट ठिपके आहेत एवढंच मला आधी कळलं होतं. आता दोनच क्रमांकांतून निवड करायची होती. चार आकडे शून्यातून वाचणं आणि दोन पर्यायांतून एक ओळखणं यात फार फरक आहे. एका क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे गोल पोटाचे, दुसऱ्याचे दोन्ही सडपातळ. मनात जे हवं ते दिसू नये म्हणून मी तो तुकडा मोठा करून माझ्या जुन्या विभागातल्या दोन सहकाऱ्यांना दिला. काय शोधतेय ते सांगितलं नाही, फक्त विचारलं, शेवटचे दोन ठिपके रुंद की अरुंद? दोघांनीही वेगवेगळं बसून ‘रुंद’ सांगितलं. गोल पोटाचा क्रमांक इंजिन बिघडलेल्या विमानाचा होता.

तो क्रमांक मी इथे लिहीत नाही. त्यावरून चालकाचं नाव निघतं, आणि त्याच्या माणसांना न विचारता ते मांडायचा मला अधिकार नाही. तो प्रसिद्ध नव्हता. त्या दिवशी त्याने बंद पडलेलं यंत्र आणून सपाट जागी टेकवलं, पट्टे सोडले आणि चालत निघून गेला. यादीत त्याच्या नावापुढचा रकाना कोरा आहे. विमानाचे उपयोगी भाग काढून घेतले, उरलेलं तिथेच राहिलं, पाऊस आला, जर्मन मागे हटले, आणि थंडीच्या दिवसांत खडकीचे तीन सॅपर तिथे पोचले. सॅपर असल्यामुळे त्यांचं काम आधी सुरुंग शोधायचं असणार. फोटो त्यानंतरचा. आजोबांच्या बुटांजवळ वाळूत एक टोकदार सळई पडलेली दिसते, सुरुंग चाचपायला वापरायचे तशी.

दिवाळीत गावी गेले तेव्हा फोटो मोठा करून नेला होता. आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. मी तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं: दांडी, त्रिकोण, पंख्याचं पातं, फ्रायबुर्ग. तिने सगळं ऐकून घेतलं. गजा म्हणून कुणी नव्हता, ते गावाचं नाव आहे, हे सांगितलं तेव्हा मात्र तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि पंखावर बसलेल्या माणसावर बोट ठेवलं.

“मग ह्यो कोण गं?”

मी खडकीला पत्र लिहिलंय, कंपनीच्या त्या वर्षीच्या हजेरीपटासाठी.